बाजल्याखालचं पाणी

भुरीचं खाजवणं आधी ऐकू यायचं, भुरी मागून दिसायची. मागचा पाय मानेवर चालायचा आणि ढोपर जमिनीवर आपटत राहायचं, खट खट खट. भाकरी थापताना तोच आवाज, भांडी घासताना तोच, झळा नकोत म्हणून दुपारी दार लोटून पडावं तर दाराबाहेर तोच. त्या उन्हाळ्यात आमच्या वाडीत दुसरा आवाजच उरला नव्हता. विहिरी आटल्यामुळे मोटारी बंद होत्या आणि जनावरं छावणीत गेल्यामुळे गोठे रिकामे होते. उरली होती ही एकटी कुत्री आणि तिची खाज.

मला ती डोळ्यांसमोर नको झाली होती. खोटं कशाला बोलू? कानाच्या कडा खपल्यांनी जाड झालेल्या, पोटाखालचे केस गेलेले, कोपरांवर हत्तीसारखी कातडी आणि जवळ आली की आंबूस वास. पण माझी सासू केसरबाई, जिला मी आत्याबाई म्हणते, तिच्यासमोर कुत्रीविरुद्ध शब्द काढायची सोय नव्हती. दिवाळी झाली की मी आणि धर्मराज, म्हणजे माझे मालक, कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. पोरगी आजीपाशी राहते. पोरगी रांगत होती तेव्हापासून भुरी तिच्या उशाशी बसते. एकदा बाजल्याखाली साप निघाला तेव्हा भुरीनं सगळी वाडी गोळा केली होती. आत्याबाईंच्या हिशेबी भुरी कुत्री नव्हतीच. घरातली तिसरी बाईमाणूस होती.

पण मग ठकीच्या हातावर उठलं. ठकी म्हणजे आमची पोरगी, चौथं वर्ष लागलेलं. मनगटाच्या आतल्या बाजूला आणि पोटावर लाल बारीक पुळ्या आल्या. झोपेतसुद्धा पोर नखं चालवायची. आता दाराबाहेर एक खाजवायची आणि दाराच्या आत दुसरी. माझं डोकंच उठलं.

"आत्याबाई, ह्या कुत्रीला आधी घराबाहेर काढा," मी म्हणाले.

"मला काढ आधी," म्हातारी म्हणाली आणि पोळलेल्या हातानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. विषय संपला.

औषधं काय कमी झाली? वाडीत कुणाला कुत्र्याची खाज सांगून बघा, जो तो डॉक्टर. धर्मराजनं ट्रॅक्टरचं काळं ऑइल आणून चोपडलं. भुरीनं ते दिवसभर चाटलं, पिवळं ओकली आणि दुसऱ्या दिवशी पाठीची कातडी सोलून निघाली. शेजारच्या रुक्मिणीबाईनं करंजीच्या तेलात गंधक खलून दिलं. कुणी तंबाखूचं पाणी सांगितलं. कुणी म्हणालं, कपिलधारेच्या देवळापाशी नेऊन सोडा, तिथं जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या भाकरीवर जगेल. जसं काही यंदा तिथं धार वाहत होती आणि माणसं रांगा लावून उभी होती.

शेवटी गोष्ट सुंदररावांपर्यंत गेली. सुंदरराव आमच्या दूध संस्थेचे चेअरमन. छावणी संस्थेचीच होती, पाण्याचा टँकरही संस्थेच्याच ताब्यात. पांढरी टोपी, हळू आवाज. त्या हळू आवाजाचीच भीती वाटायची. मी म्हशीला पेंड घालत होते तिथं येऊन उभे राहिले.

"सुभद्रा, तुमची कुत्री छावणीत येती. हितली दोन कुत्री खाजवाया लागलीत. लोकं मला इचारत्यात."

"दवा चालू हाय, दादा."

"डॉक्टर येणार हाईत परवा. त्यायला दावा. नीट झाली तर बरं. न्हाई तर मी करतो बंदोबस्त."

बंदोबस्त म्हणजे काय, ते वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. भाकरीत काहीतरी कालवून टाकायचं आणि सकाळी ओढ्यात ओढून न्यायचं. मी घरी येऊन सांगितलं. त्या दिवसापासून आत्याबाईंनी भुरीला स्वतःच्या पायाशी दोरीनं बांधलं.

त्रिंबक डॉक्टर परळीचे. जनावरांचे सरकारी डॉक्टर, पण छावणीवर संस्था त्यांना बोलवायची. माणूस घाई न करणारा. त्यांनी भुरीला आधी नुसतं बघितलं, मग तिच्या कानाची कड दोन बोटांत धरून घासली. तशी भुरीचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला. बघणारे हसले. डॉक्टर हसले नाहीत.

"खाज सगळ्या कुत्र्यांची सारखीच दिसते, कारणं मात्र वेगळी असतात," ते म्हणाले. "कुणाला गोचीड, कुणाला पिसवा, कुणाला बुरशी. आमच्या परळीला वीज केंद्राच्या राखेत लोळून कुत्री खाजवतात. एखाद्याला खाण्यातलं बाधतं. म्हणून शेजारच्याच्या कुत्र्याचं औषध आपल्या कुत्र्याला लावायचं नसतं. आणि ते काळं ऑइल कुणी लावलं?"

धर्मराज छावणीच्या खांबाकडे बघायला लागला.

डॉक्टरांनी पात्यानं कोपराची खपली खरवडली, ती काचेवर घेऊन बीडला तपासायला नेली. दुसऱ्या फेरीला आले ते बाटली घेऊनच. लूत होती. डोळ्यांना दिसणार नाहीत असे किडे कातडीत बिळं करून राहतात, म्हणाले. माणसाच्या अंगावर ते चढतात, चावतात, पण घर करत नाहीत. कुत्री बरी झाली की पोरीचंही जाईल. भुरीची अंथरायची पोती जाळा, पोरीच्या गोधड्या रोज कडक उन्हात घाला, ऊन काही आपल्याकडं कमी नाही. औषध बादलीभर पाण्यात खुणेपर्यंतच घालायचं, जास्त नाही. खपल्या भिजवून, पुसून मग औषधाचं पाणी अंगभर लावायचं, वरून धुवायचं नाही. सावलीत वाळू द्यायचं, तोवर चाटू द्यायचं नाही. हातात पिशव्या घालायच्या. दोन आठवड्यांनी पुन्हा असंच, कारण अंड्यांतले मागून बाहेर येतात.

"आणि ऐका, त्या दिवशी कुत्री पेंगेल. अंग गार लागेल. घाबरू नका, दुसऱ्या दिवशी उठते. पण बाटली आणि पाणी पोरीपासून लांब. उरलेलं पाणी लांब खड्डा करून ओता आणि वर माती लोटा. कोंबडीच्यासुद्धा तोंडाला लागता कामा नये."

आत्याबाई इतका वेळ मान डोलवत होत्या. इथं थांबल्या.

"फेकायचं?"

"हो, फेकायचं."

"पाणी?"

"औषधाचं पाणी, आजी."

"आन् कावून फेकायचं? पाणी ते पाणीच हाय की."

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. आत्याबाईंनी पुन्हा मान डोलवली. पण मी तिच्या घरात नांदतेय, मला ती मान कळते. ती हो म्हणायची मान नव्हती.

तुम्हाला आमच्या घरातल्या पाण्याची रीत सांगायला हवी. आंघोळीला आम्ही बाजल्यावर बसायचो. सुंभाच्या विणीतून पाणी खाली ठेवलेल्या टबात गळायचं. त्या पाण्यात कपडे निघायचे, कपड्यांच्या पाण्यानं भांडी खरवडायची, आणि शेवटी ते काळं पाणी शेणात कालवून जमीन सारवायची. जमिनीवर पाणी सांडणं हे आत्याबाईंच्या लेखी अन्न लाथाडण्यासारखं. ठकीनं एकदा खेळताना तांब्या पालथा केला तर म्हातारीनं त्या ओल्या जागेवर हात ठेवून कपाळाला लावला होता. मी चिडायचे, पण खरं सांगायचं तर त्या वर्षी घर तरलं ते म्हातारीच्या ह्याच चिक्कूपणावर. आणि अशा बाईला कुणी परका माणूस येऊन म्हणत होता, बादलीभर पाणी फेक.

भुरीला औषध लावलं ते आम्ही दोघींनी, आमच्याच बाजल्यावर उभी करून. दुधाच्या पिशव्या हातात घातल्या. गळ्यात प्लास्टिकच्या कॅनचा कापलेला तुकडा अडकवला, म्हणजे तोंड अंगाला पोचू नये. पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं आणि वास डांबराच्या गोळ्यांसारखा, नाकात चढणारा. भुरी थरथरत उभी राहिली. खाली टब होता. मी ठेवला नव्हता, आत्याबाईंनीही मुद्दाम ठेवला असेल असं वाटत नाही. बाजलं आणि टब आमच्या घरात एकत्रच हलायचे.

तिसऱ्या प्रहरापर्यंत भुरी आडवी झाली. डोळे अर्धे उघडे, श्वास संथ, पोटाला हात लावला तर त्या भाजणाऱ्या दिवसातही अंग गार. आत्याबाई तिच्याजवळ बसून राहिल्या. मी डॉक्टरांना फोन लावला. "सांगितलं होतं ना, पेंगेल. उद्या बघा," ते म्हणाले. ठकीनं दोनदा जाऊन तिची शेपटी ओढली, पण शेपटी हलली नाही. मला पहिल्यांदाच त्या कुत्रीची दया आली. सकाळी उठून बघते तर भुरी दारात उभी होती, लटपटत का होईना. आत्याबाईंनी तिला अर्धी भाकरी चारली आणि माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच तिला मारायला निघाले होते.

टबातलं पाणी मात्र तसंच होतं.

"वता ना खड्ड्यात," मी म्हणाले.

"वतीन की. आदी कुत्रीच्या कोपऱ्यात शिपडते, पोरीच्या बाजल्याच्या खुरांला लावते. डॉक्टरच म्हणले ना, अंथरुणात बी किडं असत्यात. मंग वतते."

"आजच्या आज वता."

"तू छावणीत जा, उशीर झालाय."

जुन्या लुगड्याचा पदर दुहेरी करून त्यांनी ते पाणी गाळलं. कुत्रीचे केस, खपल्या सगळं फडक्यात राहिलं आणि खाली पांढुरकं स्वच्छ पाणी आलं. पाणी गाळल्याशिवाय ठेवायचं हे त्या हाताला माहीतच नव्हतं. मग घरामागं निळं टिपाड होतं त्यात ते ओतलं, वर परात झाकली आणि परातीवर मोठा धोंडा ठेवला. ठकीला तिथं नेऊन दम भरला, "हितं हात लावला तर हात मोडीन." म्हातारीनं तिच्या परीनं सगळी काळजी घेतली होती. हे मी आजही म्हणते.

टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. तो त्याच दिवशी आला.

टँकरची संस्थेनं एक शिस्त लावली होती आणि वाडीला त्या शिस्तीचा अभिमान होता. आधी विहिरीवर पाणी सोडायचे तेव्हा बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. मग ठरलं, टँकर दारोदार जाणार. ज्यानं त्यानं आपली दोन टिपाडं दारात ठेवायची. पाइप धरायला रामहरी असायचा, तो दोन्ही काठोकाठ भरून पुढं जाणार. घराला कुलूप असलं तरी टिपाड भरलं जायचं, कारण निम्मी वाडी तर छावणीतच असायची. फक्त टिपाडात आधीचं पाणी असेल तर तेवढं कमी मिळणार. म्हणून टँकरचा भोंगा ऐकला की जो तो शिल्लक पाणी पटापटा माठात, घागरीत, तपेल्यात ओतून टिपाडं मोकळी करायचा.

भोंगा वाजला तेव्हा मी छावणीत शेण भरत होते. आत्याबाई ठकीला आणि भुरीला घेऊन रुक्मिणीबाईच्या ओट्यावर बसल्या होत्या. घरी धर्मराज एकटा होता. त्यानं दारातलं एक टिपाड बघितलं, दुसरं शोधायला मागं गेला. तर परातीखाली, धोंड्याखाली, तळाला माठभर पाणी. एवढं जपून झाकलेलं पाणी आमच्या घरात एकच असतं, प्यायचं. माठ कोरडा पडला होता. त्यानं टिपाड उचललं आणि माठ भरला.

वास? वास आला, असं तो नंतर म्हणाला. पण टँकरच्या पाण्याला वास असतोच. कधी पावडरीचा, कधी डिझेलचा, एकदा तर कारखान्याच्या मळीचा, बहुतेक तोच टँकर आदल्या दिवशी मळी वाहून आला असणार. रंग पांढुरका असतो तोही पावडरीचा. आम्ही महिनोन् महिने तसलंच पीत होतो. त्यानं केलं ते वाडीतल्या कुणीही केलं असतं, आणि हेच मला अजून पचत नाही.

दोन्ही टिपाडं भरून घेऊन तो खुशीत छावणीत आला. मी म्हशीच्या अंगावरून ओलं फडकं फिरवत होते. म्हैस गाभण होती, उन्हानं जीभ बाहेर काढत होती.

"आज झ्याक काम झालं," तो म्हणाला. "दोन्ही टिपाडं काठोकाठ. माठ बी भरला."

"माठ कशानं भरला?"

"आईनं मागं जपून ठिवलं व्हतं ना, परातीखाली. ते वतलं माठात आन् टिपाड मोकळं करून पुढं ठिवलं. रामहरीला कळलं बी न्हाई."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. तो हसतच होता. मी काय बोलले ते मला आठवत नाही. म्हैस दचकून मागं सरली एवढं आठवतं. मी पळत सुटले.

छावणीपासून वाडी जवळ नाही. मधे सगळी पडीक रानं, ढेकळं तापून दगड झालेली. एक चप्पल कुठंतरी गेली. मी मनाशी घोकत होते, आत्याबाई घरी नसतील, रुक्मिणीबाईच्या ओट्यावर असतील, पोर तिथंच खेळत असेल, तिथंच पाणी प्याली असेल. म्हातारीला वास आला असेल. म्हातारीला सगळ्याचा वास येतो. डोक्यावर ऊन असं होतं, की डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचत होते. वाडीच्या तोंडाशी आले आणि माझे पाय आपोआप मंदावले.

खट खट येत नव्हतं.

सगळ्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आमच्या घरातून काही आवाज येत नव्हता. मला त्या आवाजाचा किती वीट आला होता, आणि तो आता यावा म्हणून मी देवाला हात जोडले.

दार लोटलेलं होतं. आत अंधार, उकाडा. आत्याबाई जमिनीवर बसून ठकीला पदरानं वारा घालत होत्या. ठकी बाजल्यावर उताणी. भुरी बाजल्याला नाक लावून बसलेली, खाजवत नव्हती, नुसती पोरीकडं बघत होती. तिच्या वाडग्यात पाणी होतं, काठापर्यंत, तोंड न लावलेलं.

"हळू," आत्याबाई कुजबुजल्या. "आत्ताच झोपलीय. बघ की, किती दिसानं पोर न खाजवता झोपली. गुण आला दव्याला."

"पाणी दिलं हिला?"

"दिलं की. दोन पेलं पेली. ओट्यावरून तान्हेली आलती."

"ह्या माठातलं?"

"मंग कुठलं? वास येतोय म्हणली. मी म्हणलं, टँकरचं हाय, पी गप. पाण्याला नाव ठिवू न्हाई."

मी पोरीच्या पोटाला हात लावला. पोट गार होतं. मे महिना, पत्र्याचं घर, आणि माझ्या पोरीचं अंग बांगडीसारखं गार. डोळे अर्धे उघडे, श्वास एक यायचा आणि दुसऱ्याची वाट बघावी लागायची. हे सगळं मी बघितलेलं होतं. कालच, ह्याच घरात, भुरीच्या अंगावर.

"आत्याबाई, ते माठात वतलंय. तुमचं परातीखालचं."

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं माठाकडं बघितलं. मग भुरीच्या वाडग्याकडं.  तिनं पदराचा वारा घालणं थांबवलं.

पुढचं मी पळवत सांगते, कारण ते माझ्याच्यानं सावकाश सांगवत नाही. मी पोर खांद्यावर टाकून रस्त्यावर आले. संस्थेची दुधाची गाडी संकलनाला आली होती, तिनं कॅन तिथंच उतरवले आणि आम्हाला घेतलं. धर्मराज ढेकळांतून धावत येताना दिसला, तसाच गाडीत चढला. त्यानं वाटेत स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं, मी त्याला अडवलं नाही. आत्याबाई आमच्याबरोबर आल्या नाहीत. पण त्यांनी एक गोष्ट केली, गाडी सुटता सुटता ती बाटली आणून माझ्या ओटीत टाकली. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच आला, काय प्याली? मी बाटली पुढं केली. त्रिंबक डॉक्टरांनी फोनवर त्या डॉक्टरांना माप सांगितलं. नळ्या लागल्या, काचेच्या पेटीसारख्या यंत्रावर रेघ हळूहळू चालत होती. मी रात्रभर तिच्या पायाचा अंगठा धरून बसले होते, कारण दुसरीकडं कुठं धरायला जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारून ठकीनं डोळे उघडले. ओठ सुकले होते. पहिला शब्द बोलली तो, "पाणी."

उशाशी पेला भरून ठेवलेला होता. नर्सनंच ठेवलेला, दवाखान्याचं पाणी. तो पेला उचलून पोरीच्या तोंडाला लावायला माझा हातच धजेना. शेवटी नर्सनं तो माझ्या हातातून घेतला.

आम्ही घरी आलो तेव्हा अंगण ओलं होऊन वाळल्याची खूण होती, मोठी, पार कुंपणापर्यंत. माठाच्या खापऱ्या कोपऱ्यात रचलेल्या. दोन्ही टिपाडं पालथी घातलेली. आत्याबाईंनी सगळं पाणी ओतून दिलं होतं, निळ्या टिपाडातलंच नाही, दुसऱ्यातलंही, चांगलं, टँकरचं, पुढच्या टँकरपर्यंत पुरवायचं. रुक्मिणीबाई सांगत होती, भर दुपारी म्हातारी एकेक तांब्या काढून ओतत होती आणि सगळी वाडी दारात उभी राहून बघत होती. कुणाची अडवायची छाती झाली नाही. नंतर ज्या त्या घरातून एकेक घागर आमच्या दारात येऊन ठेवली गेली, कुणी ठेवली ते कुणी सांगितलं नाही. संस्थेची शिस्त काही असो, ही माणसं माझी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

सुंदरराव आले. टोपी काढून मांडीवर ठेवून बसले.

"पोर वाचली, देवाची किरपा. आता ती कुत्री तेवढी..."

"कुत्रीचं काय चुकलं?" आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.  "घरात तिलाच तेवढी अक्कल व्हती. तिनं ते पाणी पेलं न्हाई."

 सुंदरराव टोपी घालून निघून गेले आणि बंदोबस्ताचं पुन्हा कधी निघालं नाही.

भुरीच्या पाठीवर लव उगवायला लागली होती. ठकीच्या मनगटावरच्या पुळ्या वाळून गेल्या. पण दोन आठवडे भरत आले तसं पुन्हा सुरू झालं. आधी एखाददुसरं, मग थोडं सलग. खट, खट. डॉक्टर म्हणालेच होते, अंड्यांतले मागून बाहेर येतात. दुसरी वेळ चुकवली तर पहिली फुकट. धर्मराज म्हणाला, "ते औषध पुन्हा ह्या घरात यायचं न्हाई." मी त्याच्याच बाजूची होते. सोडून द्या, मरू द्या, मला काय करायचं त्या कुत्रीचं, असं मी मोठ्यानं बोलले. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. सकाळी त्या कुदळ घेऊन ओढ्याच्या पलीकडं गेल्या आणि खड्डा खणून आल्या.

त्या दिवशी बाजलं बाहेर निघालं नाही, टबही नाही. त्यांनी भुरीला उघड्या रानात, खड्ड्याच्या काठाशी उभी केली. डॉक्टरांकडून मागवलेल्या नव्या बाटलीची खूण त्यांनी मला दोनदा वाचायला लावली. मी लांबून बघत होते, ठकीला कडेवर घट्ट धरून, बाभळीच्या सावलीत. म्हातारीचे हात पिशव्यांमधे होते. पांढरं पाणी भुरीच्या अंगावरून निथळून मातीत जिरत होतं. बादलीत निम्मं उरलं. आत्याबाई ती बादली धरून उभ्या राहिल्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. मग त्यांनी ती खड्ड्यात पालथी केली.

माती लोटली तरी ओल वर आली. दुष्काळातली ओल, ती लपते थोडीच. आधी चिमण्या उतरल्या, मग दोन साळुंक्या, मग कुणाचीतरी कोंबडी कुठून आली देव जाणे. चोची उघड्या टाकून त्या ओल्या मातीकडं येत होत्या. आत्याबाईंनी काठी आपटली, हाड् हाड् केलं, त्या उडाल्या आणि परत आल्या. शेवटी म्हातारी त्या मातीवरच बसली. भर उन्हात, पदर डोक्यावर ओढून, काठी मांडीवर घेऊन. भुरी पेंगत सावलीला पडली होती. मी हाक मारली, "या आता सावलीत." त्या नाही म्हणाल्या, वाळेपर्यंत हलायचं नाही म्हणाल्या.

ठकी माझ्या कडेवरून खाली सरकली. आजीसाठी आणलेली घागर आणि पेला बाभळीखाली होता. तिनं रिकामा पेला उचलला आणि धावत आजीकडं निघाली, सवयीनं. जन्मापासून तिला पाणी त्याच हातानं दिलेलं.

"आज्जे, पाणी दे."

आत्याबाईंनी पेल्याकडं बघितलं. हात पुढं केला, तो अर्ध्यावरच राहिला. मग तो हात त्यांनी पदराखाली घेतला, दोन्ही हात घेतले, आणि माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या,

"सुभद्रे, तू दे गं बाई."